बिनभांड्यांचं पथक

विद्याश्रीने आधी ‘कधीच’ हा शब्द खोडला. उरलेल्या वाक्याला क्षणभर जगू दिले. मग ‘आमच्या गावात भेदभाव नव्हता’ हे तिच्या लेखात समितीने घातलेले वाक्यच तिने एका सरळ रेघेत खोडले आणि मुद्रितशोधनाचा कागद टेबलावरून पलीकडे सरकवला.

दूध संस्थेच्या कचेरीत, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकून बसलेल्या हंबीररावांनी तो उचलला. स्काऊट-गाइड पथकाच्या सुवर्णमहोत्सव समितीचे ते अध्यक्ष होते, पथकाच्या पहिल्या तुकडीत विद्याश्रीबरोबर होते, आणि स्मरणिकेत ज्यांचा ‘संस्थापक’ म्हणून पानभर फोटो जायचा होता त्या माजी सरपंचांचे चिरंजीवही होते. करंजओढ्यातला पहिला बोअर, पहिला ट्रॅक्टर आणि पहिला टेलिफोन याच घरात आला होता. पथकही तिथूनच निघाले असणार, याबद्दल समितीच्या मनात शंका नव्हती.

“म्याडम, एवढं एक वाक्य तरी ऱ्हाऊ द्या की.”

“का?”

“पन्नास वर्सं झाली पथकाला. साहेब येणार हायत. त्यांच्या म्होरं गावाची अब्रू घालवायची व्हय?”

“घालवत नाही. कुठे होती ते शोधतेय.”

हंबीररावांनी चहा मागवला. वाद लांबणार असला की ते चहा मागवत.

करंजओढ्याच्या पथकाचे नाव जिल्ह्यात एका गोष्टीसाठी होते. भांड्यांविना स्वयंपाक हा स्काऊटिंगमधला एक छोटासा प्रकार आहे. पातेले नाही, तवा नाही, ताट नाही. पानावर पीठ मळायचे, तापल्या दगडावर भाकरी थापायची, वांगी-रताळी निखाऱ्यात पुरायची. इतर पथके हा प्रकार मेळाव्यापुरता करून दाखवत. करंजओढ्याची मुले मात्र प्रत्येक शिबिरात, प्रत्येक जेवण तसेच करत आली होती. चंदगडच्या पावसात ओल्या सरपणावर त्यांनी बांबूच्या नळीत भात शिजवला होता आणि परीक्षकांनी तो उभ्याने खाल्ला होता. जिल्ह्यात त्यांना ‘बिनभांड्यांचं पथक’ म्हणत. स्मरणिकेच्या प्रस्तावनेत या परंपरेचे श्रेय निसर्गप्रेम, स्वावलंबन आणि ‘थोर ग्रामसंस्कृती’ यांना विभागून देण्यात आले होते.

विद्याश्रीच्या लेखात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. त्याऐवजी एक परिच्छेद होता, आणि हंबीररावांच्या बोटाखाली आता तोच होता. पहिल्या शिबिराच्या दिवशी, दुपारी, गावातल्या काही आया माळावर आल्या आणि चुलीजवळची आपापल्या घरची भांडी उचलून घेऊन गेल्या. स्काऊटमास्तर दादासो गुरुजी बौद्ध वस्तीतले होते, आणि सगळ्यांची भांडी एकाच चुलीवर आली होती. त्यानंतर गुरुजींनी पथकातून भांडे ही वस्तूच काढून टाकली. परिच्छेदाचे शेवटचे वाक्य होते : ‘भांडी नेणाऱ्यांत प्रस्तुत लेखिकेची आईही होती.’

“सोताच्या आईचं नाव कुणी लिवतं व्हय?” हंबीररावांनी विचारले.

“दुसऱ्यांच्या आयांची लिहिली नाहीत.”

त्यांनी मान वर केली नाही. बशीतला चहा संपवला, मिशी पुसली, आणि आवाज बराच खाली आणून म्हणाले,

“हे बघा. मशीन संध्याकाळी चालू हुतंय. मी प्रेसवरच बसनार हाय. ह्यो परिच्छेद गेला तर लेख छापतो. न्हाय तर त्या जागी फोटो घालतो. फोटो काय, लई हायत आमच्याकडं.”

“संध्याकाळपर्यंत कळवते.”

“रागावू नगा, विद्याताई. तुमच्याबद्दल गावाला आदर हाय.”

“मला माहीत आहे. आदर आहे म्हणून तर वाचून न पाहता लेख मागितलात.”

ती बाहेर पडली. तीस वर्षे विद्यापीठात इतिहास शिकवताना तिने खोट्या सनदा, बनावट वंशावळी आणि सोयीच्या जयंत्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांचा तिला राग येत नसे; ते तिचे पोटापाण्याचे साधन होते. पण हा लेख तिने गुरुजींसाठी लिहिला होता, आणि कृतज्ञता तिच्यात नेहमी रागाच्या वेशातच येई.

गावात मुलीने शिट्टी वाजवणे अशुभ मानत. दादासो गुरुजींनी मुलींची तुकडी उभी केली, तेव्हा पहिल्याच दिवशी संघनायिकेच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि म्हणाले, वाजव. ती संघनायिका विद्याश्री होती. सातवीनंतर तिची शाळा थांबणार असे ठरले, तेव्हा गुरुजी तिच्या वडिलांकडे, बाळाप्पांकडे, चार वेळा आले. चारही वेळा अंगणात उभे राहून बोलले. त्यांना ‘बसा’ म्हणण्याची पद्धत त्या घरात नव्हती. चौथ्या वेळी बाळाप्पा हो म्हणाले. विद्याश्रीने त्यानंतर जे काही वाचले, लिहिले, मिळवले, ते त्या उभ्या माणसाच्या पायांवर उभे होते. आणि त्याच माणसाला स्मरणिकेत ‘मार्गदर्शक’ या सदरात, छपाईखर्च देणाऱ्यांच्या खाली, दोन ओळींची जागा मिळाली होती.

गुरुजी आता नव्हते. त्या दुपारची माळावरची एकच मोठी साक्षीदार तिला ठाऊक होती : त्यांची पत्नी मीनाबाई. छापील अक्षराला साक्षीचा आधार असावा, एवढ्यासाठी विद्याश्री त्यांच्याकडे गेली.

मीनाबाई सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मुलगा धम्मपाल कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला, सून प्रीती अंगणवाडीत. घरात त्या एकट्याच होत्या.

“ये, विद्या. खाली नगं, पाटावर बस. गुडघं दुखत्यात का तुझंबी?”

“दुखतात.”

“मंग शिकून काय उपेग,” म्हणत त्या हसल्या आणि पाट पुढे सरकवला.

विद्याश्रीने परिच्छेद वाचून दाखवला. आईबद्दलचे वाक्य तिने मुद्दाम संथपणे वाचले. मीनाबाईंचा हात सुपात फिरत राहिला.

“खरं हाय,” त्या म्हणाल्या. “पर निम्मं हाय.”

“निम्मं कसं?”

“पोरं त्या दिशी उपाशी न्हाय ऱ्हायली. मंग खाल्लं काय त्यांनी? तू बी खाल्लंस की.”

विद्याश्री आठवू लागली. “भाकरी. दगडावरची. गुरुजींनी केलेली.”

“गुरुजींला भाकरी येत न्हवती. मराठी सातवीपतूर समदं यायचं, भाकरी न्हाय.” त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवले. “तुला न्हाय ठावं. तू पोरींस्नी घिऊन वडाची पानं आनाय गेलतीस, माघारी आलीस तवा समदं उरकल्यालं. बायांनी भांडी उचलली. तुझ्या आईनं, बसव्वानंबी पातेलं उचललं. बाकीच्या जाऊन बांधावर हुब्या ऱ्हायल्या, पोरास्नी हाका मारत. चला रं घरला, चला. पोरं हालंनात. गुरुजी दगडावर बसल्यालं, तोंडातनं शब्द न्हाय. मला वाटलं, झालं. पथक बी झालं आन् नोकरी बी झाली.”

“मग?”

“मंग बसव्वानं पातेलं लांब नेऊन ठिवलं आन् माघारी आली. एक चपटा दगड राखंनं घासला, जाळावर टाकला. मला म्हनली, दगडाला बाट न्हाय, पानाला बाट न्हाय, इस्तवाला तर न्हायच न्हाय. पोरं उपाशी कशापायी मारायची?”

कोणती वस्तू कुणाच्या स्पर्शाने बाटते, धातू किती, माती किती, पान किती, यावर विद्याश्रीने एक प्रबंध तपासला होता आणि दोन नापास केले होते. त्या सगळ्या नियमांच्या कुंपणात एवढे मोठे भगदाड होते, आणि तिची आई त्यातून हातात पीठ घेऊन आरपार गेली होती. नियम न मोडता. तिने चष्मा काढून पदराने पुसला. काच स्वच्छच होती.

“पण पाणी?” तिने विचारले. “पीठ मळायला पाणी कुठलं?”

 मीनाबाईंनी सुपातला एक खडा उचलून उंबऱ्याबाहेर टाकला.

“वढा आटल्याला. पानी माझ्या घागरीतलंच. दुसरं हुतं कुठं?”

“आणि तिने ते घेतलं?”

“पानावर पीठ घिऊन बसली. माझ्याकडनं तोंड तिकडं फिरवलं. आन् दोनी हात म्होरं केलं. म्हनली, घाल. मी घातलं.”

बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज जवळ आला आणि लांब गेला.

“गुरुजींनी हे कधी सांगितलं नाही.”

“कसं सांगतील? तुझी आज्जी हुती घरात. कळलं असतं तर बसव्वाला अंगनात बी घेतलं नसतं तिनं. गुरुजी म्हनायचं, तिचं उपकार हायत, उपकार चव्हाट्यावर मांडायचं नसत्यात. त्यापरीस आपुन भांडीच बंद करू, म्हंजी कुनाला पुन्यांदा तसं करावं लागायचं न्हाय.” मीनाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. “पर मी गुरुजी न्हवं. तोंड फिरवलं ते मी इसरले न्हाय. हात म्होरं केलं त्येबी इसरले न्हाय. लिवायचं असलं तर दोन्ही लिव्ह.”

विद्याश्री आईच्या घरी आली. भाऊ शिवप्रसाद दुकानात होता. सोप्यातल्या टेबलावर बसून तिने परिच्छेद नव्याने लिहायला घेतला. पहिल्यांदाच त्यात राग येईना. तिच्या मनात पन्नास वर्षे आई पातेले उचलून चालली होती. पाठमोरी, ताठ, नऊवारीचा काठ धुळीत ओढत. आता ती माघारी फिरली होती. विद्याश्री भरभर लिहीत गेली :

‘भांडी गेल्यावर बसव्वा बाळाप्पा यांनी दगड तापवला. मीनाबाईंच्या घागरीतले पाणी त्यांनी दोन्ही हात पुढे करून घेतले, आणि त्या पाण्यात पथकाची पहिली भाकरी मळली गेली. या पथकाला संस्थापक शोधायचाच असेल तर तो त्या दोन बायकांच्या हातांमध्ये शोधावा.’

वाक्ये सुंदर झाली होती. सुंदर वाक्यांचा तिला एरवी संशय येई. आज आला नाही.

बसव्वा आतून लसणाची पाटी घेऊन आली आणि खांबाला टेकून बसली. ऐंशी ओलांडलेली, नजर अधू, कान शाबूत.

“काय लिवतीस आल्याधरनं? हंबीरचं ऐकलंस का न्हाय?”

“नाही ऐकलं. अव्वा, तुझ्याबद्दल लिहिलंय. ऐक.”

तिने वाचले.  बसव्वा एक पाकळी सोलत राहिली. सोलून झाली तरी बोटे तिच्यावरून फिरत राहिली.

“मीना बोलली हे?”

“हो.”

“एवढंच बोलली?”

विद्याश्रीने कागदाची घडी सरळ केली.

“तोंड फिरवल्यालं न्हाय बोलली?”

“बोलल्या.”

“मंग ते गेलं कुठं?”

“त्याची गरज नाही, अव्वा. मुद्दा पाणी घेतल्याचा आहे.”

“हंबीर बी आसंच म्हनतोय म्हनत हुतीस की आल्या आल्या. गरज न्हाय म्हनून.”

विद्याश्रीने वर पाहिले. आईच्या चेहऱ्यावर टोमणा मारल्याचे कुठलेही चिन्ह नव्हते. ती लसूण सोलत होती. विद्याश्रीच्या मानेवरून मात्र उष्ण काहीतरी कानापर्यंत चढत गेले. सकाळी ज्या पेनाने तिने ‘कधीच’ खोडले होते ते तिच्याच हातात होते, आणि त्याने या दुपारी तितक्याच सफाईने काम केले होते.

“का फिरवलंस तोंड?” तिने विचारले.

“बांधावर बाया हुत्या. त्यांच्याकडं केलं. म्हटलं, बघा. मी पानी घेतोय, बघा डोळं भरून. कोन काय बोलतंय ते बघतो मी बी. एकीचं तोंड उघडलं न्हाय. उघडलं असतं तर दुसऱ्या दिशी कुनाचं पोर माळावर आलं नसतं.”

बसव्वाने आपली बारीक मान उजवीकडे वळवून दाखवली. पन्नास वर्षांपूर्वीची ती मान विद्याश्रीपुढे आता दोन बाजूंनी उभी होती. घागरीकडून पाहिले तर पाठ फिरवलेली. बांधाकडून पाहिले तर रोखून धरलेली. दोन साक्षी आणि एकच मान. उतारवयात माणसे आठवणीला हळूहळू पॉलिश करतात, हे तिने विद्यार्थ्यांना शेकडो वेळा सांगितले होते. तिने उलटतपासणी केली, कारण तिला दुसरे काही येत नव्हते.

“मीनाबाईंना वाटलं, तुला त्यांच्याकडे बघवलं नाही म्हणून.”

 बसव्वाने मांडीवरची फोलपाटे गोळा केली, पाटीच्या कडेला सारली.

“त्येबी हुतं,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “आन् मी त्यातलं खाल्लं न्हाय. पोरास्नी घातलं. घरला यिऊन सासूच्या म्होरं डोस्क्यावरनं पानी घेतलं. त्येबी लिव्ह.”

“अव्वा...”

“मीनानं मला नावं ठिवली न्हाईत एवढ्या वर्सात. वाटंत गाठ पडली की बसव्वाक्का म्हनती. तिचं निम्मं खाऊन मी मोठी व्हऊ व्हय?”

विद्याश्रीने कागद पुन्हा जवळ ओढला. ‘दोन्ही हात पुढे करून’ या शब्दांच्या आधी जागा नव्हती; तिने समासात लिहायला सुरुवात केली. उभे अक्षर, बारीक. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. हंबीरराव होते. प्रेसमधल्या यंत्राची घरघर त्यांच्या आवाजाच्याही वर येत होती, म्हणून तिने फोनचा स्पीकर चालू करून तो टेबलावर ठेवला.

“म्याडम, पाच वाजाय आलं. काय ठरलं? गेला न्हवं परिच्छेद?”

“नाही. वाढलाय.”

“वाढलाय?” हंबीरराव हसले, पण ते हसणे फार टिकले नाही. “मंग ऱ्हाऊ द्या. फोटो लावतो. माझा इलाज न्हाय.”

“हंबीर हाय व्हय?” बसव्वाने हात पुढे केला. “दे हिकडं.”

फोन द्यायची गरज नव्हती. पण विद्याश्रीने तो तिच्या हातात दिला. बसव्वाने तो आरशासारखा तोंडासमोर धरला.

“हंबीर, मी बसव्वा.”

“बोला काकी. तब्येत बरी हाय का?”

“मरतोय कधी ह्याची वाट बघतोय. तुझी आई धोंडुबाई त्या दिशी बांधावर हुती.”



“काकी, आता ती ऱ्हायली न्हाय,” हंबीरराव म्हणाले. “मेल्याल्या मानसाचं कशापायी...”

“आरं ऐक तर. पितळंचं पातेलं हुतं तुमचं, ते तिनं नेलं. मी पानी घेतलं तवा बघत हुती. बोलली न्हाय. दुसऱ्या दिशी सकाळी डोस्क्यावर केळीच्या पानांचा भारा घिऊन माळावर आली. तुमच्या बागंतली पानं, तुझ्या बाला न इचारता कापल्याली. भारा टाकला आन् गेली. गुरुजींशी बोलली न्हाय, मीनाशी न्हाय, माझ्याशी बी न्हाय. शिबीर संपस्तवर रोज आनून टाकायची. त्या वड्याच्या माळावर केळीचं पान कुठनं येत हुतं, तुला कधी सुचलं न्हाय इचाराय?”

यंत्राची घरघर थांबली. कुणीतरी बंद केले असावे, किंवा हंबीरराव प्रेसच्या बाहेर रस्त्यावर आले असावेत. मागून एसटीचा हॉर्न आला.

“आई कधी बोलली न्हाय ह्ये,” हंबीरराव म्हणाले. त्यांचा दूध संस्थेतला आवाज कुठेतरी गळून पडला होता.

“त्यात बोलायचं काय हुतं?” बसव्वा म्हणाली आणि फोन मुलीच्या हातात परत देऊन लसणाकडे वळली.

विद्याश्रीने फोन टेबलावर ठेवला. समोरचा माणूस स्वतः होऊन बोलेपर्यंत थांबायचे, ही गोष्ट तिला अभिलेखागारांनी नव्हे, अंगणात उभ्या राहिलेल्या एका मास्तरांनी शिकवली होती.

“म्याडम,” हंबीरराव म्हणाले. “ते पानांचं लिवनार न्हवं तुम्ही?”

“लिहिणार.”

“मंग आसं करा. पानांचं आदी घ्या. भांड्यांचं... भांड्यांचं मागनं घ्या. एवढं ऐका माझं.”

“क्रमाने येईल, हंबीरराव,” विद्याश्री म्हणाली. तिच्या आवाजात सकाळची धार नव्हती, पण वाक्य तेवढेच सरळ होते. “आधी पहिला दिवस.”

 फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. ती पेन हातात धरून थांबली. मग पावले ऐकू आली, एक दार करकरले, आणि हंबीररावांनी फोन तोंडापासून दूर न धरताच आत कुणाला तरी ओरडून सांगितले,

“ए ऋतुराज, फोटो काढ त्यो. पान मोकळं सोड. मजकूर यायचा हाय.”